डब्यातली शेवटची मिरची

ती. आईस,

नमस्कार. मी ठीक आहे, वेळेवर जेवते. आधी मुद्द्याचं सांगते: तुझ्या माहेरच्या मिरचीचं वाण गेलेलं नाही.

बाबा दवाखान्यात होते तेव्हा घरची झाडं पाण्यावाचून वाळली. फोनवर तू म्हणालीस, "जाऊ दे, मिरचीच तर होती." पण दोनदा म्हणालीस. मला रजा मिळाली नव्हती. निदान एवढं तरी करावं म्हणून डबा उघडला. तू दिलेल्या सुक्या मिरच्या मी खाऊन संपवल्या होत्या. तळाशी एकच उरली होती.

तिच्या तेवीस बिया पेरल्या. चार उगवल्या, दोन रोपं जगली. बंद खोलीत फुलं नुसती गळायची, म्हणून रोज सकाळी कुंचल्याने एका फुलाचे पराग दुसऱ्याला लावले. शेजारच्या खोलीतली नर्स म्हणते, "अगं, एवढे लाड मी पेशंटचेही करत नाही!"

मागच्या आठवड्यात पहिली मिरची लालभडक झाली. मी खोलीत एकटीच नाचले. दादाला सांगू नकोस, जन्मभर चिडवेल.

बाबा जिना चढतात का? खरं काय ते लिही, मला चालेल.

सोबत पुडीत वाळवलेल्या बिया आहेत. दोन कुंड्यांत लाव आणि पाणी बेताने घाल. हे मी तुला शिकवतेय, हसून घे. निम्म्या बिया मी ठेवल्या आहेत. यापुढे हे वाण एकाच घरात ठेवायचं नाही.

तुझी,
धाकटी