घाट बंद पडला तर

द्वारका, नाशिक
१२ मार्च १९९८

तीर्थस्वरूप आक्कास,

मोखाड्याच्या दिशेला तोंड करून धाकट्या रंगनाथचा नमस्कार. दाजींचा गुडघा आता ओटा चढू देतो का? इकडे सगळे ठीक. मोहिनी माझ्याशी बोलत नाही, पण तब्येत उत्तम आहे.

गेल्या महिन्यात कसारा घाटात टँकर आडवा झाला आणि आमच्या ट्रान्सपोर्टच्या सहा गाड्या द्राक्षं घेऊन दिवसभर उन्हात उभ्या राहिल्या. मुंबईत पेट्या उघडायची गरजच पडली नाही, वासावरूनच कळलं. गाड्या कुठून कशा जायच्या हे ठरवणारा मी. मालक झुंबरशेठ रागावले नाहीत, नुसतं म्हणाले, "रंगनाथ, रस्ता एकच असतो का रे?" ते फार लागलं. मी तयारीला लागलो. त्र्यंबक, मोखाडा, जव्हार असा भिवंडीला उतरणारा दुसरा रस्ता नकाशावर लाल पेन्सिलीनं काढला. प्रत्येक गाडीत जादा ताडपत्री, फॅनबेल्ट, दोरखंड, वाटेतल्या मेकॅनिकांची यादी. (त्याच भरात घरात चार कंदील आणि पोतंभर मीठ भरलं. मोहिनीचा अबोला तिथला.)

मग म्हटलं, एकदा तालीम घ्यावी. सोमवारी सकाळी ड्रायव्हरांना सांगितलं, आज घाट बंद आहे असं समजा. नाथा तंबाखू मळत होता, त्याला 'समजा' ऐकूच आलं नाही. टपरीवर जाऊन म्हणाला, "घाट बंद हाय." तासाभरात नाक्यावरच्या परक्या गाड्यासुद्धा त्र्यंबक रस्त्याला लागल्या, आणि माझा राखीव रस्ता असा तुंबला की तोरंगण घाटाच्या वळणावर मी स्वतः तीन तास अडकलो. तिकडे कसारा घाट झाडून ठेवल्यासारखा मोकळा. म्हातारा हिरामण (तो माझं कधीच ऐकत नाही) मुंबईत माल उतरवून जेवायलाही बसला.

वळणावर पाड्यावरल्या भागीबाईंनी मला नागलीची भाकरी दिली. म्हणाल्या, "आधी निरोप धाडला असता, तं वळणावर माणसं उभी केली असती." आक्का, भाकरी खाताखाताच मी खिशातली यादी उघडली. माझ्या यादीत फॅनबेल्ट होता, ओळखीचं माणूस एकही नव्हतं. तेव्हापासून वाटेवर ओळखीची घरं जोडतोय. पहिलं घर भागीबाईंचं.

दाजींना नमस्कार सांग.

तुझा,
रंगनाथ

ता. क. दुसरं घर तुझं, असं शेठना परस्पर सांगून बसलोय. दाजींना हळूच सांग.

ता. क. २. आज घाट खरोखरच बंद आहे. पत्र घेऊन आलेला नाथा पहिल्या गाडीचा ड्रायव्हर, मागे आठ गाड्या तुझ्या दारातच उभ्या असतील. चहाचं आधण जरा मोठं ठेव.