दोन घरांतला लाल दिवा

राजुरी, सोमवार, ९ नोव्हेंबर १९९८

आमची आणि शेजारच्या काकांची फोनची लाइन एकच. एकाचं बोलणं चालू असताना दुसऱ्यानं रिसीव्हर उचलू नये म्हणून दोन्ही घरांत मीच लाल दिवा बसवला. कुणीही रिसीव्हर उचलला की तो लागतो.

आज मैत्रिणीला फोनवर सांगितलं, गुरुवारी पहाटेच्या एसटीनं पुण्याला नोकरीवर निघते, घरी माहीत नाही. रिसीव्हर ठेवला, तरी दिवा लागलेलाच. सर्किटमध्ये दोष असेल म्हणून हात लावणार, तोच विझला.

जेवताना काका आले. "पोरी, गुरुवारी कुठं जाऊ नगंस. पावणं येत्यात तुला बघायला."

मी फोनवर कधी असते, हे त्यांना माझाच दिवा सांगतो. किती दिवसांपासून?

आत्ता तो पुन्हा लागलाय. काका कुणाशी तरी बोलतायत.