सातव्या प्रकरणावरची रेघ

मी, यमाजी हौशीराम कोळपे, वय ६८, निवृत्त मराठी विभागप्रमुख, राहणार ओतूर, ता. जुन्नर, जि. पुणे, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. बुद्धी शाबूत आहे. शरीर थकले आहे. कोणाचा दबाव नाही. यापूर्वीची माझी दोन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत. त्यांतील वाक्यरचना मला पसंत नव्हती.

१. राहते घर व बँकेतील ठेवी पत्नी सौ. साळुबाई हिला, व तिच्या पश्चात मुलगी सौ. स्नेहल हिला मिळाव्यात.

२. मढ येथील वडिलोपार्जित जमिनीतील माझा हिस्सा धाकटा भाऊ रखमाजी याला द्यावा. घरची मेंढरे त्याने राखली, म्हणून मी शिकलो. तो अजून मला चारचौघांत ‘मास्तर’ म्हणतो. मी प्राध्यापक होतो, एवढे नोंदवून हा विषय संपवतो.

३. ग्रंथसंग्रह महाविद्यालयाच्या ग्रंथालयास द्यावा. कपाटाच्या खालच्या खणातील बाड मात्र वगळावे.

४. ते बाड म्हणजे ‘उगवता निश्चय’ या पुस्तकाचे हस्तलिखित. सकारात्मक विचार आणि ध्येयप्राप्ती हा त्याचा विषय. अशा पुस्तकांची मी वर्गात आयुष्यभर टिंगल केली. १९९६ साली एका प्रकाशकाने, माझ्या जुन्या विद्यार्थ्याने, असेच एक लेखन तपासण्यासाठी पाठवले. ते तपासण्यापलीकडचे होते, म्हणून मी सगळे नव्याने लिहिले. नाव लावू दिले नाही; मुखपृष्ठावरचा लेखक अस्तित्वात नाही. हे तो प्रकाशक आणि साळुबाई यांच्याखेरीज कोणाला ठाऊक नाही.

सातवे प्रकरण नापास झालेल्या मुलीला उद्देशून आहे. त्याच आठवड्यात स्नेहल व्याख्यातापदाच्या पात्रता परीक्षेत दुसऱ्यांदा नापास झाली होती. तिच्या चुका मी तिला क्रमवार सांगितल्या आणि खोलीत जाऊन ते प्रकरण लिहिले. साळुबाई चहा घेऊन आली, तेव्हा तिला वाचून दाखवले.

ती म्हणाली, "परक्यांच्या पोरींना यवढं ग्वाड लिवता. आपलीला का नाय सांगत?"

चहात साखर जास्त झाली आहे, असे मी तिला सांगितले.

५. स्नेहलने परीक्षा सोडली आणि लग्नानंतर निरगुडसरला भाजीपाल्याची रोपवाटिका काढली. हे तुझ्याने व्हायचे नाही, असे मी तिला पत्राने कळवले होते. २००३ च्या मार्चमध्ये तिथे प्रथमच गेलो. टेबलावर ‘उगवता निश्चय’ होते, प्लॅस्टिकचे कव्हर घातलेले. रोपे भरणाऱ्या तानूबाई मला म्हणाल्या, "ताई रोज सुट्टीच्या आदी त्यातलं वाचून दावत्यात. लई मायेचा मानूस असंल बगा, लिवनारा."

"असेलच असे नाही," मी म्हणालो.

सातवे प्रकरण उघडले. शेवटचे वाक्य माझे नव्हते: ‘आज जेवढे झाले, तेवढे पुरेसे आहे.’ पान रिकामे दिसू नये म्हणून छापखान्यात कोणीतरी घातलेले. ध्येयावरच्या पुस्तकात ते बसत नाही. मी खिशातले लाल पेन काढून ते खोडले.

स्नेहल मागेच उभी होती. "आप्पा, इथंपण?" ती म्हणाली. "आम्ही रोज याच वाक्यावर काम थांबवतो. हा एकच माणूस आहे, ज्याला मी आहे तशी चालते. त्याला तरी सोडायचं होतंत."

तेव्हापासून ती घरी आलेली नाही. आईला ओतूरच्या एसटी स्टँडवर भेटून परत जाते. तो माणूस तिच्यापासून हिरावला जाऊ नये, म्हणून मी गप्प राहिलो, असे स्वतःला सांगत आलो. ते पूर्ण खरे नाही. मला लाज वाटली.

६. हस्तलिखित स्नेहलला द्यावे. साळुबाईने स्वतः नेऊन द्यावे, टपालाने नको. अक्षर ती ओळखेल. तिला वडील सापडतील की तिचा तो माणूसही जाईल, हे मला सांगता येत नाही.

७. सातव्या प्रकरणातले शेवटचे वाक्य माझे नाही. असते तर बरे झाले असते. तिच्या प्रतीत त्यावर मी ओढलेली लाल रेघ माझ्या मागील मृत्युपत्रांप्रमाणेच रद्द समजावी. वाक्य छापले आहे तसे राहावे.

वर दोन ठिकाणी खाडाखोड झाली आहे, ती मला मान्य आहे. स्वच्छ प्रत काढलेली नाही.

स्थळ: ओतूर
दिनांक: ११ नोव्हेंबर २००७

(सही) यमाजी हौशीराम कोळपे

आमच्यासमक्ष सही केली:
१. (सही) सोपान गेणू तांबे, निवृत्त ग्रंथपाल, ओतूर
२. (सही) डॉ. सुप्रिया भैरवनाथ घोलप, ओतूर