धार कुठली

१६ सप्टें. २०१७, शनि., वॉन
म्युझियममध्ये गेलो. माझं पातं काचेत. खाली पाटी: ‘झांडे योद्ध्याचं फेकायचं शस्त्र.’ डोकंच फिरलं. म्युझियमला भेट देताना सोबत चार पानं टिपण दिलं होतं, मापांसकट. झांडे ही वेगळीच जमात; हे ओशेले. कांगोतल्या एनकुत्शू लोकांचं चलन! आकार शस्त्राचा, काम देण्याघेण्याचं. मुठीला पकडीसाठी वेत गुंडाळलेला नाही, कडा बोथट. फेकून मारणार कोणाला?
ईशा म्हणते, “बाबा, इट्स जस्ट अ लेबल.” जस्ट! शाळेत हिच्या नावाचं स्पेलिंग चुकलं की आठवडाभर घर डोक्यावर घेते.

१९, मंगळ
क्युरेटरबाईंचा फोन. माझं ट्रेनिंग कशातलं, विचारतात. म्हटलं, तेवीस वर्षं लेथ आणि मिलिंगवर. वर मीच विचारलं, तुमचं लोखंडाशी काय नातं? त्या शांतपणे: “एका कडेला धार आहे. चलनाला कोण धार लावतं?”
अशक्य. फोन ठेवला.

२१, गुरु
त्यांनी क्लोज-अप पाठवले. धार आहे. पण ओरखडे बघा! एकसारखे, समांतर. बेंच ग्राइंडरचे. म्हणजे धार अलीकडची, सापडल्या बाई! शुभाला दाखवलं. “कुठल्या गाढवानं चांगल्या वस्तूची वाट लावली?”
शुभा भाजी चिरत होती. “अहो, गराज सेलमधून आणलंत त्या वर्षीची खंडेनवमी आठवा. सगळ्या हत्यारांबरोबर त्यालाही धार लावलीत. मीच कुंकू वाहिलंय.”

२२
फोटो सापडले. एक आणलं त्या दिवशीचा, कडा बोथट. दुसरा पाटावरचा: कानशी, छिन्न्या, मधोमध ते, लखलखीत. तेव्हा मलाही शस्त्रच वाटलं होतं. पण मी पाटी लावून गावाला सांगत नव्हतो!

२५, सोम
लंचमध्ये ईमेल. दोन्ही फोटो जोडले. ‘पातं एनकुत्शूंचं. धार माझी.’ तीनदा खोडून तेवढंच उरलं. सेंड.

२९, शुक्र. खंडेनवमी
हत्यारं पुसून पाटावर मांडली. पूजा झाली. फोन बघितला, बाईंचं उत्तर. फोटो कमिटीपुढे ठेवणार, ‘चलन’ बहुधा मान्य होईल. पण एक विचारलंय. तुमच्यासारख्या काटेकोर माणसाची हरकत नसावी, म्हणे: नव्या पाटीवर ‘धार: वॉन, ओंटारिओ’ अशी वेगळी ओळ घातली तर चालेल का?
शुभा हसून हसून बेजार. “घाला म्हणावं!”
ओळ अचूक आहे. तीच तर अडचण.
अजून उत्तर दिलेलं नाही.