ड्यूकच्या खोलीचा रंग

४ मार्च १८७१, लंडन

नकाशा झाला एकदाचा! हार्लस्टनच्या महालाचा. बाबांनी आज दोन्ही प्रतींत स्वतः रंग भरले. जुनी भिंत राखी, नवी गुलाबी, पाडायची ती पिवळी — बोलायला लागले तेव्हापासून मला पाठ आहे! पण ब्रशला हात लावू देतील तर शपथ. "हेस्टर, रेघा तुझ्या, रंग माझे." बाबा म्हणजे लेव्हरेट गवंड्याचा मुलगा, आणि तीस वर्षं राजघराण्याला दुसरा आर्किटेक्ट चालत नाही! तबेले काय, प्रार्थनाघर काय, सगळं बाबांचं.

डचेसबाईंची अट एकच — ड्यूकच्या खोलीला धक्का लागता कामा नये. ते जाऊन नऊ वर्षं झाली, तरी त्यांच्या दाढीचं गरम पाणी रोज सकाळी वर जातं म्हणे.

८ मार्च

मेले मी! नकाशा परवाच गेला. आज पोकॉकनी — बाबांचे जुने ड्राफ्ट्समन — आपल्याकडची प्रत उघडली आणि मला हाक मारली. "हेस्टरबाई, ड्यूकची खोली पिवळी!"

बाबांनी कागद खिडकीशी नेला, पार नाकाला लावला. "राखीच तर आहे."

मीच विचारलं, रंग कळेनासे होऊन किती दिवस झाले?

"दोन वर्षं. रंगाच्या बशा ठरलेल्या जागी ठेवतो, म्हणून निभावतं. त्या दिवशी ती एकच खोली उरली असताना कुणीतरी टेबल पुसून बशा हलवल्या."

मीच पुसलं होतं.

९ मार्च

महालाकडून काही नाही. जेवण जात नाही.

१० मार्च

बोलावणं आलं! उद्या अकराला. पोकॉक म्हणाले, "साहेब, माझ्या हातून झालं म्हणून सांगा. माझं आता काय राहिलंय?" बाबा असे भडकले! "तीस वर्षं शाबासकी मी घेतली, आणि चूक तुमच्या नावावर? वा रे वा!"

११ मार्च

पायऱ्या दिसत नाहीत म्हणून मला सोबत नेलं. डचेसबाई उभ्याच होत्या, पुढे नकाशा.

"लेव्हरेट, नऊ वर्षांत ही खोली पाडा म्हणायची कुणाची छाती झाली नाही. तुमची झाली."

रागावल्या नव्हत्या! आवाज भरून आला होता. सुटलो, मला वाटलं. आता गप्प बसायचं की नाही? पण बाबा कसले!

"बाईसाहेब, ती हिंमत नव्हे. मला पिवळा दिसत नाही."

त्यांचा चेहरा उतरलाच. "मग खोली आहे तशी राहील. नकाशा दुरुस्त करून पाठवा."

गाडीत मी रडले, भांडले. कशाला बोललात? आता हे काम गेलं, पुढचीही गेली!

"माझ्या चुकीवर एका बाईच्या नवऱ्याची खोली पाडू?"

असा बाप कुणाला मिळतो! राग आला होता तो राहिलाच नाही.

१२ मार्च

बाबांनी ब्रश माझ्या हातात दिला. पहिल्यांदा. नव्या प्रतीत ती खोली मी राखी केली. दुपारीच पाठवला.

१५ मार्च

नकाशा परत आला. सोबत चिठ्ठी नाही. माझ्या राखीवर कुणीतरी पिवळा फासलाय — मळकट, रेघेबाहेर गेलेला, जन्मात ब्रश न धरलेल्या हाताचा. आणणारा नोकर म्हणाला, "बाईसाहेबांनी आज गरम पाणी वर नेऊ दिलं नाही."

बाबांनी विचारलं, "कुठला रंग आहे गं?"

"पिवळा," मी म्हटलं.