मुदतीआधी आलेले सहा लाख

वडखळ, १० सप्टेंबर २०२५

ती. वेणूताईस कमळचा सा. न. वि. वि.

फोन केला असता, पण माझा पोरगा मितेश दिवसभर कान टवकारून घरात बसलाय. माझं डोकं ठिकाणावर न्हाय. जमीन विकून आलेल्या पैशांचे एका कंपनीचे रोखे, म्हणजे बाँड, घेतले होते ना, ते कंपनीने चार वर्षं आधीच परत घेतले. सहा लाख थेट खात्यात! मी मागितले न्हाय, मला कुणी विचारलं न्हाय. बँकेतल्या मॅडम म्हणाल्या, आता त्यांना स्वस्तात कर्ज मिळतं, तुमचं जास्तीचं व्याज कशाला भरतील? तशी मुभा कागदात आधीपासून होती म्हणे. मी मेलीने सही करताना व्याजाचा आकडा तेवढा वाचला.

व्याज गेलं त्याचं एवढं न्हाय. मितेशने डंपरसाठी पैसे मागितले की मी म्हणायची, २०२९ पर्यंत कुलूप हाय बाबा. आता बँकेचा मेसेज त्याच्याच मोबाईलवर आला! डंपर बघूनही आलाय कारटा. पितृपक्ष म्हणून थांबलाय, घटस्थापनेला चेक मागेल. काय सांगू त्याला?

घरात सगळ्यांना विचारलंय म्हणून सांग. माया पातळ करू नको.

तुझी कमळ

दिवेआगर, १५ सप्टेंबर

चि. कमळ हिस अ. आ.

पत्र वाचून आधी हसले, मग रागच आला. पाच वर्षांमागच्या वादळात सुपारीची वाडी आडवी झाली तेव्हा मीही तुझ्याकडे लाखभर मागितले होते. तेव्हाही तू हेच कुलूप दाखवलंस. थोडा तोटा सोसला तर रोखे मधेच विकता येतात, हे मला महिन्याभरात कळलं होतं. बोलले न्हाय. बोलले असते तर तुझं तोंड बघितलं नसतं.

द्यायचे तर पोराला हसून दे. न्हाय द्यायचे तर स्वतःच्या तोंडाने न्हाय म्हण. कंपनीला मधे घालू नको. तेव्हा लावलेल्या सुपारीला यंदा पहिला घड धरलाय, बघायला ये.

आशीर्वाद हायतच, रुसवाही थोडा हाय.

वेणू

वडखळ, २३ सप्टेंबर

ती. ताईस सा. न.

विकता येतात हे मलाही ठाऊक होतं गं. व्याज सोडवेना. पाच वर्षं फोनवर तुझ्या वाडीचा विषय निघाला की मी घाईने फोन ठेवायची.

काल मितेशला न्हाय म्हटलं. कारण विचारलंन, मी कारण दिलं न्हाय. ताट सरकवून गेला तो अजून आला न्हाय. दहादा दारात जाऊन आले.

आज बँकेत जाऊन तुझ्या खात्यात लाख रुपये टाकले. उशीर झाला, कळतंय मला. पण हात जोडते ताई, त्या कंपनीसारखे न विचारता परत पाठवू नको.

तुझीच, कमळ