टोकाची पणती

जूचंद्र, गुरुवार, ६ नोव्हेंबर २०२५, सकाळी सात वाजून दहा मिनिटं. शाळेच्या मैदानावर पणत्या गोळा करत होतो. हात पुसले आहेत, तरी कागदाला तेल लागलं तर रागावू नकोस.

प्रिय हेमांगी,

तुझा आकडा जमला. हे आधी सांगतो, म्हणजे पुढचं निवांत वाचशील.

फोनवर मी अर्धंच सांगितलं होतं. दीपोत्सवाला चंद्रहासमामांना पणत्यांचा चौकोन हवा होता आणि मीराकाकूला चंडिकेचा डोंगर, म्हणजे टोकाला एक पणती, खाली दोन, मग तीन. दोघंही हटेनात. शेवटी मंगळवारी चौकोन आणि बुधवारी त्याच पणत्यांचा डोंगर असं ठरलं. काकूची अट एकच: देवीच्या नावाने आणलेली एकही पणती रांगेबाहेर राहायची नाही. कुंभाराला आकडा सांगायचं काम माझ्यावर आलं, कारण मंडपाच्या दुकानात खुर्च्या मीच मोजतो. चुकलो असतो तर पुढच्या वर्षी गावात दोन उत्सव झाले असते. मामांनी तसं बोलून दाखवलं होतं.

तू सांगितलंस तसंच केलं. छत्तीस पणत्यांचा सहा बाय सहाचा चौकोन होतो आणि आठ ओळींचा डोंगरही. तसाच पुढचा आकडा १,२२५, पण तेवढ्या आमच्या मैदानात दिसल्याच नसत्या. मग तुझी युक्ती वापरली: शेवटच्या आकड्याला चौतीसने गुणायचं, त्यातून आधीचा वजा करायचा, दोन मिळवायचे. आले ४१,६१६. दोनशे चार ओळी, प्रत्येकीत दोनशे चार. नाहीतर एकापासून दोनशे अठ्ठ्याऐंशीपर्यंत चढत जाणाऱ्या ओळी. बारावीला गणितात दोनदा आपटलेला माणूस मी. गुणाकार पुन्हा पुन्हा करून पाहिला, तरी कुंभाराला आकडा कागदावर लिहूनच दिला.

मंगळवारी चौकोन बरोबर भरला. शेवटच्या कोपऱ्यातली पणती मामांनी स्वतः लावली आणि मी घरी जाऊन पोटभर जेवलो. बुधवारी डोंगर खालून वर चढत गेला आणि टोक रिकामं राहिलं.

काकूने सरळ माझ्याकडे पाहिलं. "एक पनती कुठं गेली रे, देवेश?"

फुटली म्हणणार होतो, पण खिसा फुगलेला सगळ्यांना दिसत होता. मग सांगून टाकलं की आकडा हेमांगीचा, म्हणून टोक तिच्यासाठी ठेवलंय. मामा म्हणाले, म्हणजे सून येईपर्यंत डोंगर बोडकाच का? सगळं मैदान हसलं. आईसुद्धा. काकू तेवढी हसली नाही. आता अट मोडली म्हणून ओरडणार असं वाटलं, तर जवळ येऊन हळूच म्हणाली, "ऱ्हाऊ दे टोक. पन तिला विचारलंस का?"

नाही विचारलं. म्हणून हे पत्र. फोनवर माझा आवाज अडकतो. इथे निदान खोडून पुन्हा लिहिता येतं. रविवारी एव्हरशाईनला तुझ्या आईबाबांना भेटायला जाऊ, असं आई म्हणतेय. मी तिला थांबवलंय. आधी तू सांग. माझ्याशी लग्न करशील का? नाही म्हणालीस तरी आकडा तुझाच राहील, गावात तसंच सांगेन. पुढचा आकडाही काढून ठेवलाय, चौदा लाख तेरा हजार सातशे एकवीस. त्याची घाई नाही.

तुझाच,
देवेश

हिशेब: पणत्या आणल्या ४१,६१६. बुधवारी लावल्या ४१,६१५. बाकी एक, माझ्या खिशात.